दगड मिळाला, हिशेब बाकी आहे

राज्यकर्त्यांना दगड उभे करायला फार आवडतं. दगड स्वस्त पडतो. एकदा पैसे टाकले, फीत कापली, की पुढची दोनशे वर्षं तो काही मागत नाही. माणूस मागतो. जमीन मागतो, नोकरी मागतो, पाणी मागतो, पाठीवरच्या वळांचा जबाब मागतो. म्हणून मागणाऱ्याला गप्प करायचं असलं की त्याच्या नावाचा दगड उभा करतात. या अंकाचं संपादकीय अशा दगडांवर आहे, आणि ते दगड पाहायला जाणाऱ्या आपल्यासारख्या पोट्ट्यापोट्टींवर आहे.

हा अंक धंतोलीत जुळतो. लोकांच्या लेखी धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती. आमच्या लेखी धंतोली म्हणजे यशवंत स्टेडियम. १९५३ च्या नागपूर करारानं विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरच्या वाट्याला आलं. डिसेंबर लागला की अख्ख्या महाराष्ट्रातले मोर्चे इथं येतात, चटया टाकतात, फडक्यात बांधून आणलेल्या भाकरी सोडतात. मोर्चा बर्डीकडे वळला की वर टेकडी दिसते. सीताबर्डीचा किल्ला. रोज दिसतो म्हणून कोणी पाहत नाही.

मोर्चातल्याच एका कॉलेजच्या पोट्ट्याला मी विचारलं, "हा किल्ला कोणाचा बे?"

"मिलिट्रीचा."

"त्याच्या आधी?"

"इंग्रजाचा."

"अन् त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काय राहणार भाऊ? टेकडी असंल."

पोट्टा बरोबर बोलला. किल्ला नंतरचा आहे, लढाई आधीची. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी या टेकडीवर गोळीबार सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. एका बाजूला नागपूरचे अप्पासाहेब भोसले. यांनीच १८१६ साली कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला होता आणि वर्षभरातच तो त्यांच्या गळ्याला फास झाला. दुसऱ्या बाजूला कंपनीचा रेसिडेंट जेन्किन्स आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉट. कंपनीकडे तेराशे-चौदाशे माणसं, भोसल्यांकडे त्यांच्या कितीतरी पट, त्यात नावाजलेले अरब. २७ च्या सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाली घोडदळानं खालच्या मैदानात मुसंडी मारली, वर दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि लहान टेकडी पुन्हा कंपनीकडे गेली. त्या एका रात्रीत कंपनीची साडेतीनशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली. पुढं कंपनीनं या टेकडीला तट घातला. १८५४ मध्ये डलहौसीनं नागपूरचं राज्य सरळ खालसा करून टाकलं.

हा किल्ला लष्कराच्या ताब्यात. वर्षानुवर्षं तो २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा तीन दिवशी लोकांना उघडत आला. अशाच एका २६ जानेवारीला मी वर गेलो. रांग होती. लोकांनी पोराबाळांना नवे कपडे घातले होते. वर इंग्रजांच्या कबरी आहेत. पंचम जॉर्ज आणि त्याची राणी इथं आले होते, त्याची आठवण सांगणारा खांब आहे. १८५७ मध्ये इंग्रजांनी फासावर चढवलेल्यांची म्हणून लोक मानतात ती नवगज अली बाबांची कबर आहे. लोक तिथं माथा टेकतात, मग तटावर जाऊन फोटो काढतात, खाली कोणाचं घर दिसतं ते पोरांना दाखवतात.

मी मात्र एकच गोष्ट शोधत होतो. ती लढाई लढले ते प्रामुख्यानं मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या पलटणीचे शिपाई. तेलुगू-तमिळ मुलखातली, कुठल्या कुठल्या गावची गरीब पोरं. पगारासाठी आली, इथं काळ्या मातीत मेली. त्यांची नावं मला वर कुठं वाचायला मिळाली नाहीत. भोसल्यांच्या बाजूनं मेलेल्यांचीही नाहीत. राजाचं नाव पुस्तकात आहे, रेसिडेंटचं पुस्तकात आहे, कॅप्टनचं आहे. मेलेला शिपाई मात्र आकड्यात गेला. सगळ्या जगातल्या रणांगणांचं हे असंच आहे. सेनापतीचा पुतळा घोड्यावर आणि शिपायाची बेरीज तळटीपेत.

आता दुसरा दगड बघा. सीताबर्डीनंतर बरोबर ३६ दिवसांनी, १ जानेवारी १८१८ ला, भीमा नदीकाठी कोरेगावला लढाई झाली. युद्ध तेच, कंपनी तीच. फरक इतकाच की तिथल्या दगडावर शिपायांची नावं आहेत. ४९ नावं. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 'नाक' हा महार माणसाच्या नावाला लागणारा प्रत्यय. पुष्कळ लोक तो 'नायक' या शब्दाशी जोडतात. ज्यांची सावली पुण्याच्या रस्त्याला चालत नव्हती, त्यांची नावं काळ्या दगडात कोरली गेली, तीही पेशवाईच्या पुण्यापासून दहा कोसांच्या आत. म्हणून नागपूर, औरंगाबाद, मुंबई, कुठून कुठून लोक पेरणे फाट्यावर उतरतात. आम्हीही रात्रभर रेल्वेत उभं राहून गेलो आहोत.

पण एक बोलायचं आहे, आणि ते आपलंच माणूस म्हणून बोलतो. आपण जातो, पण वाचत नाही. स्टेजवर पुढारी ओरडतो, 'पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले!' खाली आपण टाळ्या पिटतो. दोस्तहो, आकड्याला घाबरू नका. खरं सांगितल्यानं आपलं काही कमी होत नाही.

खरं असं आहे. कॅप्टन स्टाँटनची फौज सगळी मिळून आठशेच्या आसपास होती. त्यात पायदळ होतं, स्वारही होते आणि दोन तोफांवरचे मद्रासचे गोलंदाजही. महार पुष्कळ होते, पण मराठे होते, मुसलमान होते, इतरही होते. बाजीरावाच्या सैन्याचा आकडा २८ हजार सांगतात, पण ते सगळे नदी ओलांडून आले नाहीत. हल्ला चढवला तो दोनेक हजारांनी, त्यात अरब आणि गोसावी पुढं. स्टाँटनची माणसं ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघालेली, रात्रभर चाललेली. १ तारखेला दुपारपासून रात्रीपर्यंत ती अन्नपाण्यावाचून गल्लीबोळांत लढली. कंपनीची २७५ माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. म्हणजे तिघांतला एक. जनरल स्मिथ येतोय म्हणून पेशवा पुढं सरकला आणि स्टाँटन शिरूरला परतला. हा विजय म्हणायचा की चिवट बचाव, यावर इतिहासवाले अजून भांडतात. भांडू द्या. रात्रभर चालून आलेला, दिवसभर तहानलेला माणूस जागा सोडत नाही, एवढं आपल्याला पुरतं. त्याला फुगवायची गरज नाही.

दुसरं खरं अजून कडू आहे. कंपनी आपली मायबाप नव्हती. लुटायला आलेली पेढी होती ती. तिनं तो स्तंभ आपल्या शिपायांच्या प्रेमापोटी उभारला नाही. १८२१ मध्ये पाया घातला तो आपल्या फौजेचा दरारा राहावा म्हणून. आणि पुढं काय केलं? ज्या जातीच्या २२ माणसांची नावं कोरली, त्याच जातीला १८९२-९३ च्या सुमारास सैन्यभरतीचं दार बंद केलं. 'लढाऊ जाती' नावाचं नवं शास्त्र काढलं आणि महार त्यात बसत नाही म्हणून सांगितलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली.

आणि हरलेल्या बाजीरावाचं काय झालं? जून १८१८ मध्ये तो माल्कमला शरण गेला. त्याला वर्षाला आठ लाख रुपयांची पेन्शन मिळाली. गंगेकाठी बिठूरला त्यानं तेहतीस वर्षं ती खाल्ली. हरलेल्या पेशव्याला पेन्शन, लढलेल्या महाराला भरतीबंदी. वरचे लोक एकमेकांशी लढले तरी एकमेकांना उपाशी मारत नाहीत. हा धडा कुठल्या शाळेत शिकवतात?

म्हणून मी म्हणतो की कोरेगावचा स्तंभ ही बक्षिसी नव्हे, पावती आहे. 'तुमच्याकडून इतकं रक्त मिळालं' अशी राज्यकर्त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलेली पावती. पावतीची पूजा कोण करतं? पावती घेऊन माणूस खिडकीवर जातो आणि म्हणतो, आमचं देणं काढा.

आपल्या जुन्या माणसांनी नेमकं तेच केलं. गोपाळबाबा वलंगकरांनी भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट विलायत सरकारपर्यंत अर्ज पाठवला, त्यात आपल्या जातीच्या लष्करी चाकरीचा हवाला दिला, आणि कोरेगावच्या स्तंभापाशी सभा घेतल्या. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा, पलटणीच्या घरात वाढलेला. तो इंग्रजांची आरती ओवाळायला गेला नव्हता. जातीय जुलमाविरुद्ध उभं राहायचं बळ आणि राज्यकर्त्याला जाब विचारायचा पुरावा, दोन्ही त्या दगडात होतं. तिथून ७८ दिवसांनी, २० मार्च १९२७ ला, तोच माणूस महाडच्या चवदार तळ्यात उतरला आणि ओंजळभर पाणी प्याला. कोरेगावहून महाडला जाता येत नसेल तर कोरेगावला जाऊन उपयोग काय? स्तंभाला हात लावला आणि गावी परत येऊन पाटलाच्या विहिरीला वळसा घातला, तर ती सहल झाली.

१ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या बिल्ल्यावर सुरुवातीला हाच स्तंभ होता. पावती वटली ती अशी, जवळपास पन्नास वर्षांच्या तगाद्यानंतर.

आता आजचं. १ जानेवारी २०१८ ला, लढाईला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, अभिवादनाला आलेल्या बायाबापड्यांवर दगड पडले, गाड्या जळल्या. एका तरुणाचा जीव गेला. तो आपल्यातला नव्हता. तरी तोही कोण्या मायचाच पोरगा होता, हे आपण विसरायचं नाही. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. आपल्या वस्त्यावस्त्यांतली पोरं पोलिसांनी उचलली. फेब्रुवारीत न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग नेमला. त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. आदल्या दिवशी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेवरून मात्र अटका धडाधड झाल्या. ६ जून २०१८ ला याच नागपुरातून वकील सुरेंद्र गडलिंग आणि प्राध्यापिका शोमा सेन यांना नेलं. खटला उभा राहण्याआधीच माणसांची वर्षं तुरुंगात गेली. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ ला कोठडीतच गेले. दोनशे वर्षांपूर्वीचा दगड पाहायला जायची एवढी किंमत? मग तो दगड मेलेला नाही. मेलेल्या दगडाला कोणी एवढं घाबरत नाही.

म्हणूनच व्यवस्थेनं आता दुसरी युक्ती काढली आहे. दगडावर दगड मारून भागलं नाही, तर दगडालाच सजवा. पोलीस बंदोबस्त, मंडप, फुलांची आरास, पुढाऱ्यांची रांग. आपले पुढारीही मागं नाहीत. पेरणे फाट्यापासून गटागटाचे बॅनर. एका बॅनरवर बाबासाहेब अंगठ्याएवढे आणि भाऊ-दादा पोत्याएवढे. निळा रंग सगळ्यांचा सारखा, पण एक गट दुसऱ्याच्या मंडपात पाणी पीत नाही. ही कोणती पेशवाई?

हे नुसतं कोरेगावचं नाही. धंतोलीतून बाहेर पडा आणि आपल्याच शहरातले दगड बघा.

२३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन चालू होतं. गोवारी जमातीचा मोर्चा बर्डीवर अडवला होता. मागणी एकच, आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या. लाठ्या चालल्या, पळापळ झाली, ११४ माणसं चेंगरून मेली. त्यात बाया आणि लेकरं जास्त. ज्या टेकडीवर १८१७ ला लढाई झाली तिच्याच पायथ्याशी. त्या सीताबर्डीच्या लढाईत फौजा होत्या, दोन्हीकडे बंदुका होत्या. या सीताबर्डीत एका बाजूला काठ्या आणि दुसऱ्या बाजूला कडेवरची पोरं. मग सरकारनं काय दिलं? स्मारक दिलं. उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद असं नाव दिलं. आणि मागणी? नागपूरच्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. नाव पुलाला मिळालं, सवलत माणसाला मिळाली नाही. दगड द्यायचा आणि हिशेब बुडवायचा, ही रीत कंपनीपासून चालत आली आहे.

इंदोऱ्याला दहा नंबर पुलाजवळ नामांतर शहिदांचं स्मारक आहे. १९७८ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून नागपूर रस्त्यावर आलं, पोलिसांच्या गोळ्या चालल्या. नामांतर व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं. हे आपलं स्वतःचं रणांगण, शहरबसच्या अंतरावर. कितीजण गेलात? तिथली नावं किती जणांना पाठ आहेत?

आणि दीक्षाभूमी. सुशोभीकरणाच्या नावाखाली स्तूपाशेजारी जमिनीखाली पार्किंग खोदायला घेतलं. लोकांनी पार्किंग मागितलं नव्हतं. १ जुलै २०२४ ला हजारो लोक आत शिरले, काम बंद पाडलं, सरकारला स्थगिती द्यावी लागली. त्या दिवशी तिथं कोणी मोठा पुढारी नव्हता. वस्त्यांतल्या बाया होत्या, कामावरून सुट्टी टाकून आलेली पोरं होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या मातीवर लाखो माणसांनी माणूसपण घेतलं, ती माती कशी राखायची हे तिथं येणारी माणसं ठरवतील. कंत्राटदार ठरवणार नाही. स्मारकाचा मालक कोण, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

आता कामाचं बोलू.

येत्या १ जानेवारीला कोरेगावला जायचं तर वही-पेन घेऊन जा. ४९ च्या ४९ नावं उतरवून आणा. 'नाक'वालीच नव्हे, सगळी. शेजारी कोण कोण मेलं हेही आपल्या पोरांना कळू द्या. मग विचारा, या ४९ जणांच्या बायकांची नावं कुठल्या दगडावर आहेत? माझ्याकडं उत्तर नाही. आपल्या चळवळीच्या बॅनरवरही त्यांच्या लेकी-नातींची नावं फारशी नसतात, तेव्हा हा प्रश्न आधी घरात विचारावा लागेल.

सीताबर्डीचा किल्ला उघडेल त्या दिवशी दहा-दहांच्या गटानं वर जा. फोटो काढा, हरकत नाही. पण खाली उतरताना पायथ्याशी गोवारी स्मारकापाशी थांबा. दोन सीताबर्डी एकाच दिवशी बघा. आणि २३ नोव्हेंबरला तिथं गोवारी बांधव एकटे उभे राहतात असं होऊ देऊ नका. तीन दिवसांनी २६ नोव्हेंबर येतो. सीताबर्डीची लढाई पेटली ती तारीख, आणि १९४९ साली संविधान स्वीकारलं तीही तारीख. त्या दिवशी प्रास्ताविका वाचायची तर स्मारकापाशी वाचा. 'न्याय' हा शब्द तिथं उच्चारून बघा, जीभ अडखळते का ते.

वस्तीत ज्या म्हाताऱ्यांनी नामांतराच्या लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याकडं जा. आज्यानं डोक्यावरचा वण दाखवला की तारीख विचारा, जागा विचारा, सोबत कोण होतं ते विचारा. लिहून घ्या. ती माणसं आता एकेक करून चालली आहेत. इंग्रजानं निदान नावं कोरून ठेवली. आपण आपल्या माणसांची नावं वहीतही ठेवली नाहीत, तर उद्या दोष कोणाला देणार? पुढच्या अंकापासून ती नावं आम्ही छापू. पानं कमी पडली तर कविता मागं ठेवू, कवींनी रागावू नये.

आणि प्रत्येक दगडापाशी एकच सवाल टाका. दगड दिलास, ठीक. देणं कुठाय? स्कॉलरशिप कुठाय, गायरान कुठाय, अत्याचाराच्या खटल्याचा निकाल कुठाय, आयोगाचा अहवाल कुठाय?

कोरेगावची पावती वटायला पन्नास वर्षं लागली, नामांतराची साडेपंधरा. गोवारींची अजून वटायची आहे. तगादा चालू ठेवा.

जय भीम!